अकरा खिडक्यांचं प्रवासवर्णन

मी जॉब टर्टल, चरबीच्या मेणबत्त्या ओततो. लंडनमधले निम्मे विद्वान माझ्याच उजेडात पुस्तकं लिहितात, आणि ती वाचल्यावर मला चरबी फुकट गेल्याचं वाईट वाटतं. शाळेत मी एक दिवसही गेलो नाही. अक्षरं शिकलो ती दुकानांच्या पाट्यांवरून. म्हणून माझं लिहिणं जरा मोठ्या आवाजातलं असतं. पटत नसेल त्यानं कानात बोळे घालून वाचावं.

तर, साल सतराशे चौतीस. आमच्या गुत्त्यात कोर्टनीसाहेब यायचे. ते रोमला जाऊन आले होते. नुसते गेले असते तर माझी हरकत नव्हती, पण ते परत आले, आणि वर चारशे पानांचं पुस्तक लिहिलं.

मी म्हटलं, "साहेब, चारशे पानांत एक माणूस शिंकत नाही. सगळे पुतळेच भेटले का?"

"मेणबत्तीवाल्यांनी मेणबत्त्या कराव्यात, टर्टल. प्रवास लिहायला आधी प्रवास करावा लागतो."

"करतो. नदीनं खाली, समुद्र लागेपर्यंत. पाच दिवस. चित्रांसकट लिहितो, आणि एक अक्षर खोटं नाही."

"कशावरून?"

"पानागणिक त्या त्या गावच्या माणसाची सही आणतो. एक पान बिनसहीचं निघालं, तर या टेबलावर जन्मात तोंड उघडणार नाही."

सगळा गुत्ता एकदम गप्प झाला. माझं तोंड बंद होण्याची इतक्या लोकांना आशा असेल, असं मला वाटलं नव्हतं.

बरोबर दोघे मित्र घेतले. अँब्रोज फिंच दुकानांच्या पाट्या रंगवतो, चित्रं त्याच्याकडे. हेझेकाया प्लम कापडवाला. प्रवासात कुणीतरी जेवायलाही लागतं.

तीन दिवस झकास गेले. प्लम नावेतून पडला, त्याचं चित्र निघालं, नावाड्यानं हसत हसत सही केली. चौथ्या दिवशी आम्ही क्रेनहाइथ गावात उतरलो. प्लमनं बाममाशाची आख्खी कचोरी संपवली आणि खानावळीच्या माडीवर जाऊन आडवा झाला. आम्ही दोघे रस्त्यावर बसलो. अँब्रोज चित्र काढण्याआधी मोजतो, तेही मोठ्यानं.

"वर सहा, खाली पाच."

"अकरा," म्हणत मी लिहून घेतलं.

दारात एक बाई आली. विधवा कोपबाई. हात कमरेवर.

"काय लिहिताय?"

"तुमचं घर, काकू."

"खिडक्या मोजताय?"

"मोजायला नकोत? एक जरी चुकली तर माझी अब्रू जाईल."

ती झटकन आत गेली. मी अँब्रोजला म्हटलं, बाई लाजाळू दिसते.

आता तुम्ही म्हणाल, अरे गाढवा, दहाच्या वर खिडकी गेली की सरकार जास्त कर लावतं, हे तुला माहीत नव्हतं? होतं. पण माझ्या दुकानाला खिडकी एकच. एक खिडकीवाल्याच्या डोक्यात हे शिरतच नाही.

आम्ही चर्चमागे बसून पाव आणि चीज खाल्लं आणि परत आलो, तर गावानं डोळे मिटले होते! कुणी खिडकीवर चिखल-पेंढ्याचा गिलावा थापत होतं, कुणी फळ्या ठोकत होतं. एका म्हाताऱ्यानं भोकात आपली गादीच कोंबली होती. तेवढ्यात खानावळीच्या माडीवरून किंकाळी आली.

आम्ही वर धावलो. खोलीत काळोख. आत प्लम गुडघ्यांवर, आणि न्हावी उपचार म्हणून शीर कापून रक्त काढायला वाडगं घेऊन हजर.

"जॉब, माझे डोळे गेले रे. बायको दुसरं लग्न करील."

"डोळे नाही गेले, खिडकी गेली. मालकानं बाहेरून फळ्या ठोकल्यात. दार इकडे आहे, ये."

तो उजेडात येऊन उभा राहिला. मग घाबऱ्या आवाजात म्हणाला, "पण मी देवाला वचन दिलंय. मटण सोडलं म्हणून."

अँब्रोज म्हणाला, "अंधारात दिलेलं धरत नाहीत."

मी वही घेऊन कोपबाईंकडे गेलो. "सही करा, काकू."

"चित्रात अकरा आहेत. माझ्या घराला दहा."

"अकरावी तुमच्या पाठीमागे आहे. अजून ओली आहे."

"खोडा ती. मग करते."

अँब्रोजनं खरवडायला चाकू काढला. मी त्याचा हात धरला. "नाही खोडणार. मी डोळ्यांनी पाहिलीय."

"या घरात तीन बिऱ्हाडं राहतात, बाबा. कर लावताना घर एक, राहताना आम्ही तीन. त्या एका खिडकीपायी तिन्ही चुली विझतील. तुझ्या अब्रूवर गिलावा बसत नाही का?"

मी चांगलं झणझणीत उत्तर देणार, इतक्यात घोड्यावरून सरकारचा खरा मोजणीदार आला. त्यानं भिंतीला बोट लावलं, बोट आत गेलं.

"ओलं कसं?"

"समुद्राची हवा," खानावळीचा मालक म्हणाला.

मोजणीदाराची नजर माझ्या वहीवर गेली. चित्र पाहून त्याचा चेहरा उजळला.

"अकरा. आजचंच ना? नुसतं हो म्हणा. मी साक्षीची सही करतो, सरकारी शिक्क्यासकट."

शिक्का! कोर्टनीसाहेब खुर्चीवरून पडले असते. एक 'हो' म्हणायचं होतं. मी कोपबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. हाताचा चिखल पुसत होत्या. आणि माझं डोकं फिरलं. उजेड मीही विकतो, पण निदान तो तयार करून विकतो. या सरकारनं देवाचा विकायला काढलाय!

"खोटं आहे," मी म्हटलं.

"काय खोटं?"

"सगळंच. हा चित्रकार पितो, आणि मला लिहिता येत नाही."

"तसं लिहून द्या."

मी शेवटच्या पानावर लिहिलं, पाटीवर लिहितात तेवढं ठसठशीत: 'या वहीतलं प्रत्येक चित्र आणि प्रत्येक अक्षर खोटं आहे. जॉब टर्टल.' लिहिता न येणाऱ्यानं हे कसं लिहिलं, ते विचारायचं त्याला सुचलं नाही. सरकारी माणूस. दहाचा आकडा टिपून तो निघून गेला.

मग गावानं आम्हाला डोक्यावर घेतलं. बिअर आली, खेकडे आले, प्लमपुढे मटण आलं आणि त्यानं ते खाल्लं. कोपबाई म्हणाल्या, "तुला सह्या हव्या होत्या ना? आण ती वही." वही हातोहात फिरली. ज्याला लिहिता येत नव्हतं त्यानं फुली मारली. मी बिअरमध्ये रडत होतो.

सकाळी नावेत वही उघडली. कोपबाईंच्या घराचं पान बिनसहीचंच होतं. तेवीस सह्या आणि फुल्या झाल्या होत्या त्या वही जिथं उघडी होती तिथं, शेवटच्या पानावर, माझ्या त्या वाक्याखाली. चोविसावी सही प्लमची. म्हणाला, भावनेच्या भरात केली.

शनिवारी कोर्टनीसाहेबांनी ते पान सगळ्या गुत्त्याला वाचून दाखवलं, दोनदा. "चोवीस साक्षीदार, टर्टल. रोममध्ये मला एकही मिळाला नव्हता."

खरं काय ते सांगितलं असतं, तर गोष्ट मोजणीदाराच्या कानावर जायला दोन दिवस लागले नसते. म्हणून गप्प बसलो. आता हे लिहितोय, कारण कोपबाई यंदा मुलीकडे राहायला गेल्या आणि ते घर पाडलं.

शब्दाला मी पक्का आहे. त्या टेबलावर पुन्हा तोंड उघडलं नाही. हल्ली शेजारच्या टेबलावर बसतो. तिथून कोर्टनीसाहेबांना जास्त स्पष्ट ऐकू जातं.