शेषरावकाकांचा मुकादम

आमचे शेजारी शेषरावकाका रोज सकाळी हळदीचं पोतं उचलून अंगणात फिरतात. पाठीवर नाही, दोन्ही हातांवर आडवं, छातीशी धरून. हिंगोलीच्या मोंढा बाजारात जन्मभर हमालांची मुकादमी केलेल्या माणसानं पोतं असं धरावं, याचं मला नवल वाटायचं. शिवाय सदरा छातीवर कायम पिवळा.

"काका, हळद लागली. लग्न कधी?" मी चिडवायचो.

"नवरी जुनीच हाय. बराबर ना?" म्हणत ते पुढची फेरी मारायचे.

'बराबर ना?' हे त्यांचं पालुपद. उत्तरासाठी मात्र ते कधी थांबत नाहीत.

सुभद्राकाकूंना लकवा झाल्यापासून त्यांना पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत काकाच उचलून नेतात. एकदा उचलताना काकू त्यांच्या हातून निसटता निसटता वाचल्या. काका घाबरले आणि तडक डॉक्टरांकडे गेले. वयानुसार ग्रोथ हार्मोन कमी होतं, स्नायू उतरतात, हाडं विरळ होतात, पोटावर चरबी चढते, असं डॉक्टरांनी समजावलं. काकांनी ते गल्लीभर आपल्या भाषेत सांगितलं, "आतला मुकादम रिटायर झाला. हाडाचे मजूर ढिले पडले. चरबी तेवढी बसून खाऊन राहिली!"

"त्याचं इंजेक्शन मिळतं म्हणे," मी म्हणालो.

"इचारलं ना. डॉक्टर म्हणे, अंग भरंल, पण ताकद येईलच असं न्हाई. वरून सांधे दुखतील, साखर वाढंल. मंग काहून घ्यायचं? वजन उचला, नीट खा, नीट झोपा म्हणे. मी सोता मुकादम व्हतो की! बराबर ना?"

तेव्हापासून हे पोतं, दोन उकडलेली अंडी आणि दिवेलागणीला जेवण. ते हार्मोन गाढ झोपेत स्रवतं, म्हणजे आतला मुकादम तेव्हाच हजेरी घेतो, म्हणून काका लवकर आडवे होतात. एकदा शेजारच्या लग्नातला डीजे त्यांनी लुंगीवर जाऊन बंद करवला. नवरदेवाच्या बापालाच हाडांवर व्याख्यान दिलं. हसावं की हात जोडावेत, मला कळत नाही. बहुतेकदा मी दोन्ही करतो.

गेल्या आठवड्यात पाहिलं, तर काका अंगणात बसून पोत्यातली हळद ओंजळीनं बाहेर काढत होते.

"काय काका, हरला का तुमचा मुकादम?"

त्यांनी मान वर केली नाही.

"तुही काकू वाळून राहिली रे. रोज उचलतो, हाताला कळतं. पोतं तिच्याइतकंच ठेवतो मी." ओंजळ तशीच धरून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बराबर ना?"

या वेळी ते उत्तरासाठी थांबले. मी खाली बसलो आणि पोत्याचं तोंड धरलं.