राग तोलून घेणारा रोटर

१४ नोव्हेंबर, गुरुवार. मिरजेत सकाळी धुकं, दहानंतर कोवळं ऊन. आमच्या प्रयोगशाळेतल्या सेंट्रिफ्यूजमधला रोटर आजपासून समोरासमोरच्या नळ्यांच्या वजनाबरोबर त्या नळ्या ठेवणाऱ्यांचे एकमेकांवरचे रागही तोलू लागला आहे.

रोटर म्हणजे नळ्या बसवायचा जाड, गोल, धातूचा ठोकळा. तो मिनिटाला हजारो फेरे घेतो, म्हणून समोरासमोरच्या नळ्या सारख्या वजनाच्या लागतात. फरक राहिला तर यंत्र थरथरतं आणि बंद पडतं. आमच्या संस्थेचा नियम असा की एका बाजूची नळी एकाने ठेवायची आणि समोरची दुसऱ्याने, म्हणजे वजन दोघांच्या नजरेखालून जातं. या रोटरला हात लावायची परवानगी दोघांनाच आहे, डॉ. नेर्लेकर मॅडम आणि तंत्रज्ञ कारखानीस. मी भांडार सांभाळतो. आज बर्फ पोचवायला गेलो होतो, म्हणून पुढचं सगळं समोर पाहिलं.

नळ्यांमधला माल मॅडमच्या विद्यार्थिनीचा, विशाखा गोडांबेचा होता. तिने वाढवलेले जिवाणू सकाळी फोडले होते. जिवाणू फोडले की त्यांच्यातलेच पाचक पदार्थ आपल्याला हवं असलेलं प्रथिन खायला लागतात. बर्फात ठेवलं तरी संध्याकाळपर्यंत फारसं उरत नाही. त्याआधी रोटरमध्ये फिरवून गाळ तळाला बसवायचा आणि वरचं निवळ द्रव काढून घ्यायचं असतं. तिच्या प्रबंधाची मुदत महिनाअखेरीस संपते. एक खेप वाया घालवण्याइतका वेळ हातात नव्हता.

नळ्या तोलल्या, बसवल्या, झाकण लावलं. पडद्यावर आलं: नळ्यांचा फरक शून्य, रागाचा फरक चौदा ग्रॅम, नेर्लेकर बाजू जड.

कारखानिसांनी चष्मा वर करून ते वाचलं.

"माझ्यावर राग? कशाबद्दल हो मॅडम?"

फरक पंधरा झाला.

विशाखाने कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. ते म्हणाले की यंत्रात बिघाड नाही, रोटर जुना झाला की असं होतं. राग नसलेली माणसंही चालतात, पण मग दोघांनाही नसायला हवा. शून्यासमोर शून्य जमवलेलं गिऱ्हाईक त्यांच्या पाहण्यात नाही.

तोवर संचालक बावडेकर सर आले. त्यांनी दोघांना यंत्राच्या दोन बाजूंना खुर्च्या दिल्या आणि मॅडमना तक्रार विचारली. मॅडम आधी नाही म्हणाल्या, मग पडद्याकडे बघून बोलल्या. मे महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न झालं. पंगत उठताना, विहीणबाई शेजारी उभ्या असताना, कारखानीस म्हणाले होते की जेवण बरं होतं.

"नुसतं बरं?" सरांनी विचारलं.

"नुसतं बरं."

कारखानिसांनी लगेच हात जोडून माफी मागितली. मॅडम जाऊ द्या म्हणाल्या. सगळ्यांनी पडदा पाहिला. मॅडमचा राग अठरावरून सोळावर आला होता. कारखानिसांचा मुळात तीन ग्रॅम होता, तो हात जोडताना पूर्ण गेला. फरक आता सोळा. सरांनी पुन्हा एकदा माफी मागायला लावली, पण आकडा हलला नाही.

बर्फ निम्मा वितळला होता. तेव्हा विशाखा म्हणाली, "सर, आपण उलट करतोय. जड नळीतून आपण नमुना कधी काढून टाकतो का? समोरच्या हलक्या नळीत पाणी घालतो."

सरांना ते पटलं. त्यांनी मॅडमना कारखानिसांच्या बाजूला भर घालायला सांगितलं, थेंबाथेंबाने, कारण जास्त झालं तर काढता येत नाही.

मॅडम म्हणाल्या की ते स्कूटर आडवी लावतात. काही झालं नाही. कारखानिसांनी मान डोलावली. त्यांनी लिहिलेली लेबलं कुणाला वाचता येत नाहीत, यावर एक ग्रॅम चढला. भजनात ते तबल्याला बसले की पेटीवाल्याला त्यांच्यासाठी थांबावं लागतं, यावर आठ. कारखानिसांनी हाताची घडी घातली.

"थोडंच राहिलंय मॅडम," विशाखा हळूच म्हणाली.

मॅडमनी श्वास घेतला. "वहिनी दर महिन्याला माझ्यासाठी शेंगाचटणी पाठवतात ना, ती मी घरी नेत नाही. गेटवरच्या वॉचमनला देते."

कारखानिसांनी खुर्ची मागे सरकवली. पडद्यावर त्यांचा आकडा एकवीस झाला. पाच ग्रॅम जास्त. विशाखा खाली बसली.

सर मॅडमच्या बाजूला काय घालावं याचा विचार करत होते, पण त्यांना काही सुचायच्या आत कारखानीसच बोलले.

"मॅडम, तुमच्याकडच्या पंगतीत मी पाणी मागितलं. वाढप्याने वाढलं, मी प्यालो. घरी गेल्यावर हिने सांगितलं, तो मठ्ठा होता."

"हो का," मॅडम म्हणाल्या.

एकवीस आणि एकवीस.

"आता कुणी काही बोलू नका," सर म्हणाले. "दाबा."

रोटर न थरथरता चाळीस मिनिटं फिरला. गाळ तळाला बसला, वरचं द्रव निवळ निघालं. विशाखाने ते पुढच्या शुद्धीकरणाला घेतलं. संध्याकाळी अकरा मिलिग्रॅम प्रथिन हाती आलं. तिला आठ पुरणार होतं. प्रयोग पडताळायला आणखी दोनदा फिरवावं लागणार आहे. विशाखाचा प्रबंध सादर होईपर्यंत नेर्लेकर आणि कारखानीस यांनी समेट करू नये, असा आदेश संचालकांनी काढला. दोघांनी वेगवेगळ्या पेनांनी सह्या केल्या.