पोटावरची माती

बायकोला कळू नये म्हणून मी गुपचूप मातीचा उपचार करायचं ठरवलं, आणि कळलं ते अख्ख्या आळीला.

त्याचं असं झालं. मला त्रेपन्नावं लागलं आणि अंगात काहीतरी बिनसलं. ऐन पौषात, कचेरीत बसल्या बसल्या कानातून वाफा निघायच्या, घामानं सदरा भिजायचा. शेजाऱ्यानं बकरीचं पिल्लू विकलं तर मीच ढसाढसा रडलो. वरणात मीठ नाही म्हणून ताट भिरकावलं. (मीठ ताटात वाढलेलं होतं. मी कालवलं नव्हतं.) आणि रात्री... असो. रात्री मी भिंतीकडे तोंड करून झोपायला लागलो होतो, एवढं सुज्ञांना पुरे. पुरुष म्हणून आपला कारभार आटोपला, आणि हे अन्नपूर्णेला कळलं तर तोंड कुठं लपवायचं, एवढी एकच धास्ती मला लागली होती.

आमच्या कचेरीतले बापूजी निसर्गोपचाराचे भक्त. म्हणाले, "पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवजा, प्रभाकरराव. आठ दिवसांत पंचविशीचे होता का नाई पाहा!"

रविवारी अन्नपूर्णा विहिरीवर गेली. परसात घमेलंभर माती आयती कालवलेली! मी ती चांगली दोन बोटं जाड पोटावर थापली आणि उन्हात आडवा झालो. डोळा लागला. जाग आली तर पोट हलेना. बायकोनं ती माती शेण आणि भुसा घालून नव्या चुलीसाठी मळली होती हो! केसांसकट वाळून पार दगड झाली होती. ओढावी तर जीव जातो, सदरा घालावा तर गुंड्या लागत नाहीत.

तेवढ्यात दारात अन्नपूर्णा, शेजारच्या मंदाबाई, आणि समुद्रपूरच्या मोटारीनं आलेले अन्नपूर्णेचे थोरले भाऊ किसनराव.

"अगं माय! हे काय करून राह्यले तुमी?" अन्नपूर्णा ओरडली.

"जावईबापू," किसनराव म्हणाले, "अन्नपूर्णा रडून रडून अर्धी झाली. तिनं चिठ्ठी धाडली म्हणून आलो. काय झालं तुमाले, खरं सांगा."

मला रडू फुटलं. (ते आजकाल तयारच असे.) रडता रडता सगळं सांगून टाकलं. वाफा, घाम, भिंत, सगळं.

अन्नपूर्णा मटकन खाली बसून हसायला लागली. "इतकंच? अहो, दोन सालाआधी मलेबी असंच होत होतं! तवा तुमी म्हणत, नखरे करून राह्यली. वयाचं असते ते. जाते आपोआप."

मी ओशाळलो, पण छातीवरचा धोंडा उतरला. पोटावरचा उतरायचा होता. ती गरम पाणी घेऊन बसली. एकेक ढेकूळ निघे, मी बोंब मारी, ती हसे. कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. रडून अर्धी? भावाला चिठ्ठी? म्हणजे हिला संशय आला होता! त्रेपन्नाव्या वर्षी, माझ्यावर! मी पोट आत ओढलं, मिशीवरून हात फिरवला.

"काऊन वो, तुले वाटलं का मी दुसरी बाई ठेवली म्हणून?"

"बाई?" तिचा हात थांबला. "नाई हो. मले वाटलं, क्षय झाला तुमाले."

"बाई असन, असं मी म्हणलं होतं," किसनराव म्हणाले. "तं मलेच झापलं तिनं. म्हणे, दादा, काहीबी बोलू नोको, ह्यायच्याकडं पाहते कोण?"