तोंड बघून उघडणारा टॅबलेट

घरात प्रत्येकाला नवा मोबाइल घेण्यापेक्षा सगळ्यांत मिळून एक टॅबलेट घ्यावा, असं मी गेल्या गणपतीत ठरवलं. माझ्या आयुष्यात मी आपण होऊन ठरवलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत (नोकरी बाबांनी ठरवली, लग्न मनिषाने ठरवलं, आणि मिशी ठेवायचं बाबल्या न्हाव्याने). त्यामुळे ही एक तरी तडीला न्यायची, असा हट्ट धरून मी रत्नागिरीला चिरागच्या मोबाइलच्या दुकानात गेलो.

"काका, हा घ्या," चिराग म्हणाला. "ह्याला समोर कॅमेरा आहे, आत सेन्सर आहेत. समोर कोण बसलंय ते तोंड बघून ओळखतो आणि स्क्रीन त्याच्या मापाची करतो. म्हाताऱ्या माणसाला मोठी अक्षरं, तुम्हाला मध्यम. लांब धरलात तर अक्षर वाढवतो, उन्हात नेलात तर उजेड वाढवतो. ज्याचं त्याचं सामान ज्याच्या त्याच्या तोंडालाच उघडतं. आणि तुम्ही बघायचं थांबलात की आपोआप बंद."

मी मच्छीमार सोसायटीत डिझेलच्या खिडकीवर बसणारा कारकून. तिथे समोर कोण उभा आहे हे न बघताच माझा दिवस जातो. समोरच्याकडे एवढं लक्ष देणारी वस्तू मी प्रथमच पाहत होतो. घेऊन टाकला.

जयगडच्या खाडीकाठी आमचं घर आहे. घरात आम्ही चौघं. बाबा, म्हणजे भिवा तांडेल, यांनी सगळा जन्म बोटीवर सुकाणू धरण्यात घालवला आणि गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा नाइलाजाने घरी बसले. आई भागूबाई, मी आणि मनिषा. टॅबलेटने पहिल्याच दिवशी बाबांचं तोंड बघितलं आणि "नमस्कार भिवा" एवढे दोनच शब्द अख्ख्या स्क्रीनभर काढले.

"ह्यो मला आंदळा समजतो काय?" बाबा भडकले.

"तसं नाही बाबा, तुमच्या सोयीसाठी..."

"सोय? अरे, दर्यात दोन कोसावरचं जाळं दिसायचं मला. ठेव तो हितं."

टॅबलेट पडवीच्या कठड्यावर ठेवून बाबा आपली नजर सिद्ध करायला उलट्या पावलांनी मागे जायला लागले. ते जसजसे लांब जात, तसतशी अक्षरं फुगत. माडाशी पोचले तेव्हा "नमस्कार" मावेनासा झाला. विहिरीशी पोचले तेव्हा स्क्रीनवर नुसता "न" उरला होता.

"बगलंस? वाचलं का नाय?" बाबा विहिरीवरून ओरडले.

आईने मात्र त्याला तोंड दाखवायला साफ नकार दिला. "माजं तोंड ह्यांनी बगितलंय, तेवढं पुरे," म्हणाली आणि पदर ओढून आत गेली.

मग बाबांची आणि टॅबलेटची गट्टी जमली. रोज सकाळी ते त्याला घेऊन घरापुढच्या बांधावर जायचे आणि लाल बटण दाबून त्याच्यासमोर दर्या सांगायचे. वारा कुठला आहे, पाण्याचा रंग कसा आहे, आज बांगडा लागेल की नुसतीच जाळी भिजतील. बटण दाबलं की हे सगळं आपल्या जुन्या खलाशांच्या मोबाइलवर जातं, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात काहीच कुठे जात नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला कोणी फसवू नये म्हणून बाहेर काही पाठवायची सोय मीच बंद करून ठेवली होती (आणि ती कशी चालू करायची हे मला येत नव्हतं). खलाशी कधीच उत्तर का देत नाहीत, असं बाबांनी एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, कामात असतील.

शिमग्याच्या आधी बाबा गेले. आजारी नव्हते. सकाळी दर्या सांगून आले, चहा प्यायले, कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकले. आईला वाटलं, डोळा लागला. तिने कप उचलून नेला, विसळला, आणि मग परत येऊन बघितलं.

हसवायला बसलेल्या माणसाने इथे काहीतरी बोलायला हवं. मला काही सुचत नाही.

आई रडली नाही. जेवत नव्हती, बोलत नव्हती, बाबा टेकले होते त्या भिंतीकडे तोंड करून बसायची. आणि एका दुपारी एकदम म्हणाली, "रघ्या, त्यांचा आवाज लाव."

"कुठला आवाज?"

"त्या पाटीत हाय ना. रोज बोलायचे. मी चुलीपाशी आयकायची. लाव."

मी टॅबलेट आणला. त्याने माझं तोंड बघितलं आणि माझं सामान उघडलं, म्हणजे डिझेलचे भाव आणि मनिषाच्या भावाने पाठवलेले सुविचार. बाबांचं सामान बाबांच्या तोंडाला. नाहीतर पिन हवा. तो पिन बाबांनी स्वतः घातला होता आणि मला पाठ फिरवून उभं राहायला लावलं होतं. आम्ही बोटीचा नंबर घालून बघितला, लग्नाचं साल घालून बघितलं. जन्मतारीख घालणार होतो, पण ती बाबांनाही ठाऊक नव्हती.

मी चिरागला फोन लावला. सुतकात मला बाहेर पडता येत नव्हतं.

"त्यात काय काका," तो म्हणाला, "ज्यांचं तोंड आहे त्यांना दोन मिनिटं समोर बसवा."

"ते नाहीत."

"मग आल्यावर बसवा."

मी "बरं" म्हणालो. (खरंच म्हणालो. वर "थँक्यू"पण म्हणालो.) मनिषाने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला नीट सांगितलं. मग म्हणाला, "वहिनी, कोरा करून देता येईल. पण आतलं सगळं जाईल."

तेव्हा मला एक युक्ती सुचली. माझ्या युक्त्यांचा इतिहास मनिषाला ठाऊक असल्यामुळे ती आधीच "अहो, नको" म्हणाली. पण मी बाबांचा फोटो खुंटीवरून काढला आणि टॅबलेटसमोर धरला. आई सरसावून बसली. त्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

टॅबलेट जरा विचारात पडला. मग त्याने मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं, "कृपया थोडे जवळ या."

मी फोटो जवळ नेला.

"कृपया चेहऱ्यावरील अडथळा दूर करा."

फोटोला हार होता. मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "काढ." मी हार काढला. हाराशिवाय फोटोतले बाबा एकदम जिवंत वाटायला लागले, आता म्हणतील, काय चाळे चाललेत रे.

"कृपया डोळे मिचकवा," टॅबलेटने लिहिलं.

आईला वाचता येत नाही. "काय म्हणतो?" तिने विचारलं. मी सांगितलं.

"सांग त्याला," आई म्हणाली, "ते आता नाय मिचकवणार." आणि उठून आत गेली. मी हार पुन्हा घातला. त्या दिवशी मला सेन्सर बनवणाऱ्यांचा फार राग आला.

दहाव्याला खाडीवर बाबल्या न्हावी आला. आधी डोकं झालं, मग त्याने मिशीला हात घातला. वीस-बावीस वर्षांची ती मिशी त्यानेच वाढवली होती. "रघू, भिवातात्यासाठी दिलीस हां," असं म्हणत त्याने डोळे पुसले आणि त्याच फडक्याने माझं तोंड पुसलं. कावळा ताबडतोब शिवला. लोक म्हणाले, भिवाची काही इच्छा मागे राहिली नव्हती.

"त्यांची नाय राहिली," आई मला हळूच म्हणाली. "माजी राहिलीय."

घरी आलो. पडवीत पाहुणे बसले होते आणि त्यांना मुंबईच्या गाडीची वेळ बघून हवी होती. मी टॅबलेट उचलला.

त्याने माझं तुळतुळीत तोंड वरपासून खालपर्यंत बघितलं. मग उजेड एकदम वाढला, अक्षरं फुगली आणि बाबांना ऐकू यावा म्हणून लावून ठेवलेल्या कर्णकर्कश आवाजात तो ओरडला, "नमस्कार भिवा!"

पडवीतल्या एक मावशी किंचाळल्या. एक काका चपला न घालताच अंगणात गेले. मी मागे वळून बघितलं. खोटं कशाला सांगू, मला खरंच वाटलं, बाबा मागे उभे आहेत.

"अहो," मनिषा म्हणाली, "तुमच्याकडे बघूनच म्हणाला तो." आणि तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "डोकं तुळतुळीत, मिशी नाही, तुम्ही अगदी बाबांसारखे दिसताय."

आई आतून आली. माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "लाव."

मी लावलं. आधी वाऱ्याचा आवाज, मग बाबांचं खाकरणं. "आज वारा खालचा हाय. पाणी गढूळ. आत जाऊ नका पोरांनो, किनाऱ्यानं जाळी मारा." मग जरा थांबून, घराकडे हाक टाकत, "भागू, चा झाला काय?"

"झाला, या," आई म्हणाली.

म्हणजे आमच्या शेजारी बसलेली आई म्हणाली. टॅबलेटमधली आई त्यानंतर चुलीजवळून "वायच थांबा" म्हणाली. आईने पदर तोंडाला लावला आणि इतक्या दिवसांचं सगळं रडून घेतलं. मीही रडणार होतो, पण मी जरा मान वळवली तशी स्क्रीन काळी झाली, आवाज थांबला, आणि मला घाईघाईने पुन्हा समोर बघावं लागलं.

तेव्हापासून माझी ही नवी नोकरी सुरू झाली. मनिषाने हुशारीने लागलेले आवाज टॅबलेटपाशी धरून आपल्या मोबाइलमध्ये भरून घेतले होते, म्हणजे मी सुटलो असतो. पण आई ते ऐकून म्हणाली, "ह्यात त्यांना पडसं झाल्यासारखं वाटतं." मग रोज सकाळी चहाच्या आधी आई मला पडवीत बसवते आणि आपण माझ्या खांद्याला खांदा लावून बसते. टॅबलेट माझ्याकडे बघतो, आणि आई टॅबलेटकडे. मी शिंकायचं नाही, जांभई द्यायची नाही, माशी हाकलायची नाही.

मध्यंतरी केस वाढायला लागले तशी पंचाईत झाली. माझ्या खुरट्या डोक्यामुळे टॅबलेट मला बाबा मानेना, आणि मिशी नसल्यामुळे रघूही मानेना. त्याने मला "पाहुणा" ठरवून नुसतं घड्याळ आणि फुगे फोडायचा खेळ दिला. आईने त्याच पावली मला बाबल्याकडे पिटाळलं. आता मी आठवड्याला डोकं करून येतो. सोसायटीत डिझेलला येणारे खलाशी खिडकीतून माझ्या डोक्याकडे बघून हळू आवाजात विचारतात, "रघूभाऊ, आता कोण?" पहिल्यांदा मी समजावून सांगायचो. आता "बाबाच" म्हणतो. ते मान हलवतात आणि रांगेत भांडत नाहीत.

परवा एक असा आवाज लागला, जो आम्ही आधी ऐकला नव्हता. थंडीतला असावा. बाबांनी वारा सांगितला, पाणी सांगितलं. मग चुलीजवळून आईचा आवाज आला, "रघ्याला उठवा, ऊन आलं वर."

"झोपू दे," बाबा म्हणाले. "दिवसभर त्या खिडकीत लोकांच्या शिव्या खातो. पण कुणाला उलट बोलत नाय. गरीब हाय पोर. माज्यासारखा नाय, तुज्यासारखा हाय. झोपू दे त्याला. आणि हे बग भागू..."

बाबा कधी माझ्याबद्दल तोंडावर चांगलं बोलले नव्हते. मला ते सोसेना. डोळे भरून आले, समोरचं काही दिसेना, आणि मी आईच्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरासारखा हुंदके देत रडायला लागलो. आईचा हात माझ्या पाठीवरून, मग गुळगुळीत डोक्यावरून फिरला. किती वर्षांनी फिरला. मला वाटलं, हा हात असाच राहावा.

तेवढ्यात तिने त्याच हाताने माझी हनुवटी धरली आणि मान वर केली.

"रघ्या, ते मला काय तरी सांगत होते, अर्ध्यात थांबलेत," ती म्हणाली. "रडायचं असंल तर मागल्या दारी जाऊन रड, बाबा. पण तोंड हितं ठेवून जा."