कासमभाई नालबंद आणि चौकातली कोंडी

"नालबंद गेला आणि चौक मोकळा झाला," असे आमच्या गावात आजही छातीठोकपणे सांगितले जाते. सांगणाऱ्यांपैकी निम्मे त्या वेळी पाळण्यात होते आणि उरलेले निम्मे पारावर. मी चौकात होतो.

कासमभाई मूळचे जुन्नरचे. बैलांना नाल ठोकणारा तसा हात मी पुन्हा पाहिला नाही. तोंडात सदैव चार खिळे धरलेले; बोलायचे तेही खिळ्यांच्या फटीतून. चौकाच्या कडेला बैल दोरखंडाने पाडून, पाय बांधून त्यांचे काम चाले. एकोणीसशे पंचावन्नच्या सुमारास ओतूरचा बाजार वाढला, कांद्याच्या गाड्या वाढल्या, एस.टी. सुरू झाली, आणि बाजारच्या दिवशी ओतूरच्या वाटेवरच्या आमच्या चौकात मुंगीला शिरायला वाट उरेना. पाडलेला बैल सर्वांना दिसे; म्हणून दोष नालबंदाचा. केवढे हे संशोधन!

खरा शोध आरंभला तो कासमभाईंनी. बैलगाडी थांबली की डब्यात एक चिंचोका, एस.टी. अडली की एक मोडका नाल.

"कासमभाई, आधी त्यो बैल उठवा! तिकडं लगीन लागून जाईल!" एस.टी.च्या खिडकीतून एक पाहुणा ओरडला.

"पावणं, बैल कडंला हाय. तुमची गाडी बैलामुळं न्हाई, फुडच्या गाड्यांमुळं अडलीया. थांबा, तुमचा नाल टाकू द्या."

"मला नाल ठोकता का काय?"

"पाय बगून सांगतो, राव."

सारी एस.टी. हसली. मी जवळ जाऊन विचारले, "निष्कर्ष काय निघाला?" तोंडातले खिळे काढून त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. "मोजतोय अजून, अण्णा." खिळे पुन्हा तोंडात.

अखेर पंचांनी त्यांना चौकातून उठविण्याचा ठराव केला. त्यावर माझीही सही आहे; मी ती लपवीत नाही. तीस वर्षांची जागा सोडून, एका शब्दानेही न भांडता, कासमभाई जुन्नरला परतले. पुढच्या बाजारी चौक खरोखरच मोकळा! पंचांनी पेढे वाटले.

पेढा हातात घेऊन मी चौकात गेलो, तो कोपऱ्यावरची दगडी डोण कोरडी ठणठणीत. पत्नीच्या मागे, तिच्या नावाने, वाटेवरच्या जनावरांना पाणी मिळावे म्हणून मीच ती बसविली होती. आमचा गडी ती रोज भरतो, अशी माझी समजूत. त्याला खडसावले, तर म्हणाला, "मी कवा भरली? कासमभाईच भरायचं की रोज पहाटं. गाड्या डोणीपाशी अडत्यात, ह्ये त्यांना लई आधीच उमगलं व्हतं. पर म्हणायचं, 'अण्णांना बोलू नगंस. वैनींची डोण हाय, कोरडी दिसू नाय.'"

त्यानंतरच्या बाजारी मी स्वतः कावडीने पाणी आणून डोण काठोकाठ भरली. पहिल्या गाडीवानाने बैल पाण्याला लावण्यासाठी गाडी रस्त्यात आडवी घातली. तिच्यामागे दुसऱ्याने, तिसऱ्याने. नालबंद तिकडे सहा कोसांवर जुन्नरात होता, आणि दहाच्या एस.टी.ने अकरा वाजेपर्यंत आमचा चौक सोडला नाही.