गोड्या पाण्यातली चप्पल

भांडुपच्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये परबकाका भेटले आणि त्यांचा चेहरा उतरलेला दिसला, तर कोण गेलं असं विचारू नये. मी विचारलं होतं. "बोट," ते म्हणाले. "अमेरिकेतल्या तळ्यात." कधी? "शंभर वर्सां झाली." तरी मी हात जोडले.

रिटायर झाल्यापासून काका मोबाइलवर तळ्यांत बुडालेल्या बोटी बघतात. माणूस मालवणचा, पण समुद्राचं नाव काढलं की नाक मुरडतो. "खारा पाणी लाकूड खाता. गोड्या पाण्यात काय सडणा नाय." तिकडच्या समुद्राएवढ्या तळ्यांच्या गार तळाशी जहाजं डोलकाठीसकट उभी आहेत, हे ते अशा थाटात सांगतात, जणू पार्किंग यांनीच लावून दिलंय. आणि 'बुडाली' म्हटलेलं चालत नाही. "बुडूक नाय रे, बसली."

प्रयोग म्हणून त्यांनी घरातला पोळपाट बादलीत बुडवून ठेवला. तो फुगला. चूक सिद्धांताची नव्हती, पाणी गार नव्हतं. मग दुसरा पोळपाट बादलीसकट फ्रिजमध्ये गेला आणि दूध बाहेर राहून नासलं.

गेल्या महिन्यात पवई तलावातला गाळ काढणार असं कळलं आणि काकांचं जेवण सुटलं. मला रिक्षात कोंबून त्यांनी पवई गाठली. काठावर पोकलेन उभा होता. काका थेट ड्रायव्हरसमोर.

"मधलो तळ खरवडू नको."

"का? खाली बोट आहे काय, काका?"

"चप्पल आसा."

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. पवईत मगरी आहेत म्हणतात; मी कुठे एखादी दिसते का ते बघू लागलो.

लग्न नवं असताना काकांनी काकूंना इथे होडीत बसवलं होतं. हसता हसता काकू वाकल्या आणि डावी चप्पल पाण्यात गेली. घरापर्यंत त्या लंगडत, हसतच आल्या. काकूंना जाऊन आता दोन वर्षं झाली.

"टाच लाकडाची होती," काका ड्रायव्हरला म्हणाले. "तशीच असतली."

त्याने तंबाखू गालात सरकवली. "आम्ही फक्त काठाचा गाळ काढतोय, काका. मधे नाय जात."

परतताना मला राहवलं नाही. "म्हणजे जोडीतली एकच उरली ना, काका?"

"जोडी मोडूक नाय रे. एक तळाक बसली हा, एवढाच."

त्यांच्या दाराशी रॅकवर काकूंची उजवी चप्पल असते. मला ती नेहमी भंगार वाटायची. त्या दिवशी काकांनी तिच्या डावीकडे एका चपलेची जागा सोडून आपले बूट ठेवले. रोज ते तसेच ठेवतात, हे माझ्या तेव्हा पहिल्यांदाच लक्षात आलं.