वॉटीच्या पायाचे डोळे

मासेवाल्याची गाडी दाराशी भोंगा वाजवत होती, आणि वॉटी मॅककबिन तिला दोन्ही हातांनी पुढं पिटाळत होता.

"जा, जा! आज आम्हाला विकतचे मासे नकोत!"

पिठानं माखलेले हात घेऊन नेटा धावत बाहेर आली. तोवर गाडी वळणाआड गेलीसुद्धा!

"अरे म्हाताऱ्या, केलंस काय? दुपारी आपल्या मोरागची होणारी सासू येतेय. एडिनबराहून! पहिल्यांदाच! तिच्या ताटात काय वाढू, तुझी टोपी?"

"फ्लाउंडर वाढ!" वॉटी विजार गुडघ्यापर्यंत दुमडत म्हणाला. "ताजा, माझ्या पायांनी धरलेला. लोकांच्या पायांना नुसती बोटं असतात नेटा, माझ्या पायांना डोळे आहेत!"

त्यांच्या खाडीत फ्लाउंडर धरायला ना गळ लागे, ना जाळं. ओहोटी लागली की अनवाणी पाण्यात उतरायचं आणि चिखल तुडवत चालायचं. भाकरीसारखा चपटा हा मासा चिखल पांघरून तळाशी लपतो. पायाखाली काही मऊ वळवळलं, की पाय तिथंच दाबायचा आणि वाकून मासा उचलायचा. मासाही अजब! लहानपणी त्याचे डोळे चारचौघांसारखे दोन बाजूंना असतात. मोठा होता होता एक डोळा सरकत सरकत दुसऱ्याच्या शेजारी येऊन बसतो. ही गोष्ट वॉटी भेटेल त्याला सांगे. नेटाला तर ती तोंडपाठ होती.

वॉटी पाण्यात उतरला. पाणी दाट चहासारखं गढूळ आणि बर्फासारखं गार. आधी त्याच्या पायाची बोटं दुखली, मग रुसली, मग बोलेनाशीच झाली. फ्लाउंडरचा मात्र पत्ता नव्हता.

"काय वॉटी," वाळूच्या बांधावर पाइप ओढत बसलेला शेजारी डूगी ओरडला, "उघडले का डोळे? की पाय अजून झोपलेत?"

वॉटी उत्तर द्यायला गर्रकन वळला, धडपडला, सावरला, आणि जागच्या जागी थिजला. उजव्या पायाखाली काहीतरी मऊ, जाडजूड होतं!

"लागला!" तो किंचाळला. "डूगी, लागला! परातीएवढा आहे!"

"मग वाक आणि उचल!"

"वाकलो तर भार हलेल, आणि हा निसटेल! तू ये!"

"मी आलो तर पाणी हलेल," डूगीनं पाइप तोंडातून न काढता सांगितलं.

वॉटी एका पायावर सारा भार टाकून बगळ्यासारखा उभा राहिला. आता भरती लागली होती. पाणी मांडीपर्यंत आलं. तेवढ्यात बांधावरून नेटा, मोराग आणि मोत्यांची माळ घातलेल्या एक भारदस्त बाई येताना दिसल्या. विहीणबाई लवकर आल्या होत्या!

"बाबा, हे काय?" मोरागनं कपाळाला हात लावला.

"तुमचं जेवण पायाखाली आहे, मिसेस प्रिंगल!" वॉटी ओरडला. "हलता येत नाही, नाहीतर वर येऊन स्वागत केलं असतं!"

मिसेस प्रिंगल क्षणभर बघत राहिल्या. मग त्यांनी बूट काढले, मोजे काढले, स्कर्ट खोचला.

"अहो, तुम्ही कशाला!" नेटा कळवळली.

"लहानपणी मी ओढ्यात नुसत्या हातांनी ट्राउट मासे धरायची," बाई म्हणाल्या, आणि झपाझप पाण्यात शिरल्या. बाह्या सारून त्यांनी दोन्ही हात खाली घातले.

"मिळाला! बापरे, केवढा जड!"

"सोडू नका, विहीणबाई!"

"पाठ किती खरबरीत हो याची!"

"जुना मासा आहे! ओढा!"

बाईंनी जोर लावला. मग थांबल्या. खाली चाचपून पाहिलं, पुन्हा चाचपलं.

"मिस्टर मॅककबिन," त्या हळूच म्हणाल्या, "फ्लाउंडरला नखं असतात का?"

बांधावरचे सगळे पुढं वाकले.

"पाच आहेत," बाई म्हणाल्या. "आणि अंगठ्याचं कापायला झालंय."

वॉटीचा उजवा पाय त्याच्याच डाव्या पायावर उभा होता! हे ध्यानात येताच त्यानं उजवा पाय उचलला. डावा अजून बाईंच्या हातात होता. व्हायचं तेच झालं. वॉटी धप्पकन चिखलात बसला आणि पाणी त्याच्या हनुवटीला लागलं.

डूगीचा पाइप हसताना वाळूत पडला. मोरागनं तोंड फिरवलं. मात्र वॉटी उठेना. त्याचा चेहरा अचानक गंभीर झाला.

"कुणी हलू नका," तो कुजबुजला.

"पुरे आता!" नेटा कडाडली.

वॉटीनं सावकाश हात मागं नेला, स्वतःच्या खाली घातला, आणि वर काढला तो ताटलीएवढा, फडफडणारा फ्लाउंडर घेऊनच!

मिसेस प्रिंगल इतक्या हसल्या की त्यांना पाण्याबाहेर काढायला दोघं लागले.

दुपारी टेबलावर एक मासा आणि डोंगरभर बटाटे होते. सगळ्यात मोठा तुकडा विहीणबाईंना वाढत नेटा म्हणाली,

"यांच्या पायाला डोळे होते हे खरंच हो. पण फ्लाउंडरसारखंच झालं. वय झालं, तसे सरकत सरकत मागच्या बाजूला गेले!"

वॉटी शेकोटीजवळ पाय शेकत, नखं कापत बसला होता.